बाझलचा शिमगा

राखेच्या बुधवारी कॅथलिक जग उपासाला लागतं, आणि त्यानंतरच्या सोमवारी पहाटे चार वाजता स्वित्झर्लंडमधलं बाझल शहर सोंगं घेऊन रस्त्यावर उतरतं. या उफराट्या चालीचं मूळ १०९१ सालच्या एका धर्मसभेत सांगतात. उपासाच्या चाळीस दिवसांतून रविवार वगळायचे ठरले, म्हणून आरंभ सहा दिवस अलीकडे आला. बाझलनं जुनी तारीख सोडली नाही. पुढे शहर प्रोटेस्टंट झालं, उपास सुटले, सोमवार मात्र टिकला.

युरोप पाहायचा तर उन्हाळ्यात, असं सगळे सांगतात. बाझलला राहणाऱ्या दादानं आम्हाला हट्टानं ऐन थंडीत बोलावलं, कारण पुतणी यंदा पहिल्यांदाच क्लीकबरोबर पिकोलो वाजवणार होती. क्लीक म्हणजे तिथलं मंडळ. वाटेत पॅरिसला मैत्रिणीकडे उतरलो, आयफेल पाहिला, फोटो काढले. त्याविषयी निराळं काय सांगायचं?

पहाटे लाल दगडाच्या नगरपालिकेसमोर आईला मध्ये घेऊन उभे राहिलो. चाराचे ठोके पडले आणि जुन्या शहरातले दिवे एकदम गेले. आईचा हात सवयीनं पिशवीतल्या टॉर्चकडे वळला. इथे दिवे जात नाहीत, मुद्दाम घालवतात, हे तिला पटेपर्यंत अंधारातून हुकूम आला आणि सगळ्या गल्ल्यांतून एकच चाल सुरू झाली. वर पिकोलोची धारदार शीळ, खाली ढोलांचा संथ ठेका. माणसापेक्षा उंच, आतून उजळलेले रंगवलेले कंदील डुलत पुढे सरकू लागले. गोंधळ नाही, नाच नाही. मिरवणूक असूनही त्यात एक विलक्षण गांभीर्य होतं.

मला सगळ्यात आवडलं ते हे, की आमच्यासाठी तिथे काहीच मांडलेलं नव्हतं. २०१७ साली युनेस्कोनं फासनाख्त नावाच्या या उत्सवाला वारसा म्हणून मान्यता दिली, तरी प्रेक्षकानं तोंड रंगवायचं नाही, सोंग घ्यायचं नाही, पहाटेच्या अंधारात फ्लॅश मारायचा नाही. ब्लागेड्डे नावाचा बिल्ला विकत घ्यायचा, तो कोटावर दिसेल असा लावायचा आणि बाजूला उभं राहायचं. नंतर कुडकुडत एका खानावळीत शिरलो. तिथे खमंग भाजलेल्या पिठाचं तपकिरी सूप आणि कांद्याचा टार्ट मिळाला. आईनं सूप दोनदा मागून घेतलं.

कंदिलांवर आणि वाटल्या जाणाऱ्या लांबट कागदांवर वर्षभरातल्या फजित्यांची टवाळी असते. पुढाऱ्यांची, नगरपालिकेची, शेजारच्या झुरिकची. आमच्या कोकणात शिमग्याला गावच्या बड्यांनाही शिव्या ऐकून घ्याव्या लागतात, तसाच हा वर्षातून एकदाचा परवाना. कागद बाझलच्या बोलीत होता. दादाचं जर्मन ऑफिसात उत्तम चालतं, पण इथे त्याची गाडी तिसऱ्या ओळीवर अडली. पुतणीनं उलगडून सांगितलं: ट्रामच्या रुळांची कामं संपत नाहीत, त्यावर विनोद होता. “आम्ही दर वर्षी रस्ते खणतो आणि विसरतो कशासाठी,” ती म्हणाली. दादा इतकी वर्षं तिथे कर भरतोय, पण अजून ‘हे लोक’ म्हणतो. तिच्या तोंडी सहज ‘आम्ही’ आलं. गावाची टिंगल करायची मुभा त्याला मिळाली नव्हती, तिला मिळाली होती. दादाच्या चेहऱ्यावर मला अभिमान दिसला आणि थोडा हेवाही. की हेवा माझाच असेल?

मंगळवारी संध्याकाळी क्लीक ठरलेल्या मार्गाविना गल्लीबोळांतून वाजवत हिंडत होत्या. चालीला साजेशी संथ पावलं टाकत लोक त्यांच्यामागून जात होते. आम्हीही गेलो. एका चौकात वाजवणारे थांबले आणि भल्यामोठ्या नाकाचा मुखवटा घातलेलं एक ठेंगणं सोंग थेट आईसमोर येऊन उभं राहिलं. मुखवटेवाल्यानं आवाज बदलून उघड्या तोंडाच्या माणसाची खोड काढायची, ही तिथली रीतच आहे. आईचा बिल्ला शालीखाली झाकला गेला होता. तेवढ्यावरून सोंगानं तिच्या गळ्यात मूठभर रेप्ली कोंबल्या. या कागदी टिकल्या नेहमी एकाच रंगाच्या असतात. सरमिसळ दिसली तर त्या जमिनीवरून उचललेल्या, म्हणून हलक्या. मग चिरक्या आवाजात, शुद्ध मराठीत आलं, “आजीबाई, काल रात्री इतक्या घोरलात की ऱ्हाईनपलीकडे तक्रार गेली!”

आई मुखवटा वर करायला पुढे झाली. दादानं तिचा हात धरला. लोकांत मुखवटा काढत नाहीत. आईनं क्षणभर विचार केला. मग शाल सावरून, पालथा हात तोंडावर मारत तिनं रत्नागिरीची अस्सल बोंब ठोकली. शेजारची बाई दचकून दोन पावलं मागे सरली, आणि मुखवट्याआडून पुतणी ओरडली, “आजी, परत!”