पिळलेली टी

सोयाबीन काढणीचे दिवस. चिखली रोडवर समोरून ट्रक आला, गाडी कडेला घेतली आणि वाळत घातलेल्या दाण्यांवरून पुढचं चाक सटकलं. वेग नव्हताच. गुडघा खरचटला, हेडलाइटची काच गेली. पण बुलढाण्याकडे निघालो तर गाडी सरळ आणि हँडल डावीकडे!

मिस्त्रीने आधी काहीच उघडलं नाही. गाडी डबल स्टँडवर घेतली, चाक फिरवून रिम आउट आहे का पाहिलं. शॉकअपची खालची टोकं धरून मागेपुढे हलवली. खटखट आली तर कोनसेट, म्हणजे हँडलची बेअरिंग, ढिला. मग हँडल सावकाश फिरवलं. मधोमध अडकलं असतं, तर कोनसेटच्या गोळ्यांनी वाट्यांत खड्डे पाडलेत असं समजायचं.

"शॉकअप सरळ हाय भाऊ, टी पिळली."

टी म्हणजे शॉकअपच्या दोन्ही नळ्या वर धरून ठेवणारा जोड. तिचे बोल्ट नि एक्सल सैल केला, चाक गुडघ्यांत धरून हँडल हिसकलं, पुन्हा आवळलं. एवढंच! नळी वाकली असती तर मी नवीनच घेतली असती. राजूर घाटात उतारावर ब्रेक दाबला की बहुतेक भार त्या दोन नळ्यांवर येतो. तिथे काटकसर कसली?

दाणे पसरणाऱ्याचा राग आलाच. पण सरकारी खरेदीला ओलावा 12 टक्क्यांच्या आत लागतो. 2024 मध्ये 15 पर्यंत सूट मिळाली, तीही ओरड झाल्यावर. खळी उरली नाहीत. माणूस वाळवणार कुठे? तरी दाण्यांभोवती दगड तेवढे रस्त्यात मांडू नयेत.

शॉकअपचं ऑइल सील गळतंय का, ते उद्या मोताळ्याला जाताना बघायचंय.