पडद्यामागचा आवाज

आम्ही रत्नागिरीतले उर्दू माध्यमाचे शिक्षक. एका गॅदरिंगला सातवीतल्या अंध मुलाला आम्ही पडद्यामागून निवेदन दिले. पाठांतर त्याचेच सर्वांत पक्के. तालमीनंतर त्याने विचारले, "सर, मी स्टेजवर नको का?" आम्ही निरुत्तर झालो. बी.एड.ला हे कुणी शिकवले नव्हते.

पुढे कळले, स्वागत थोरात यांनी 'अपूर्व मेघदूत' हे नाटक १९ अंध कलावंतांना घेऊन रंगमंचावर आणले. राज्य शासन दिव्यांग मुलांसाठी बालनाट्य स्पर्धाही घेते. म्हणजे दार होते. आम्हीच ते लावून घेतले होते.

आता तालमीच्या पहिल्या दिवशी आम्ही सगळ्याच मुलांना डोळे मिटून स्टेज पावलांनी मोजायला लावतो. त्या मुलाची भूमिका मात्र आमच्याकडे बाकीच राहिली.