दुणावलेलं

श्रावणात मेळघाटातल्या झुडपांवर कळलावी चढते. उलट वळलेल्या, पिवळ्यातून लाल होत जाणाऱ्या पाकळ्या. मातीखाली मात्र जहाल विषारी कंद. त्यातल्या विषाचं नाव कोल्चिसिन. पेशी विभागताना गुणसूत्रांना दोन टोकांकडे ओढणारे धागे ते जुळूच देत नाही. गुणसूत्रांची प्रत निघते, पण वाटणी होत नाही. दोन भावांचा ऐवज एकाच घरात राहतो. १९३७ साली अमेरिकेत ब्लेकस्ली आणि एव्हरी यांनी ही करामत दाखवली आणि फुलबागवाले नादावले.

रीत साधी आहे. कोवळ्या शेंड्यावर द्रावणात भिजवलेला कापसाचा बोळा ठेवायचा. बरीच रोपं दगावतात, काहींची एकच फांदी बदलते. जे तगतं त्याची पानं जाड, परागकण मोठे, फूल बहुधा टपोरं. पण वाढ मंद, बहर उशिरा आणि बी कमी.

तरी दुप्पट म्हणजे मोठं, असं समजू नये. दसऱ्याला अमरावतीत झेंडूचे ढीग लागतात. त्यातला टपोरा आफ्रिकन झेंडू २४ गुणसूत्रांचा. बुटका, छोट्या फुलांचा फ्रेंच झेंडू ४८ चा. दोघांच्या संकराला ३६ येतात. त्यांच्या जोड्या नीट लागत नाहीत, म्हणून बी धरत नाही, आणि बी धरत नाही म्हणून झाड फुलतच राहतं. बागेला आणखी काय हवं?

शेताचं तसं नाही. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाचं एकेए-८४०१ हे देशी कपाशीचं वाण २६ गुणसूत्रांचं. शेजारच्या वावरातली अमेरिकन कपाशी ५२ ची. ही अमेरिकन कपाशी लाखो वर्षांपूर्वी दोन वेगळ्या कुळांच्या संकरातून, निसर्गानंच दुणावून झाली. १९४० मध्ये बीस्ली यांनी ते पडताळलं: देशी कपाशी आणि अमेरिकेतली रानकपाशी यांचा वांझ संकर कोल्चिसिननं दुणावला, तर तो फळला.

कारण तिथं प्रत्येक गुणसूत्राला आपला जोडीदार मिळाला. आपलीच प्रत आपल्यात भरली तर चारचौघांत कुणी कुणाशी जुळायचं हा गोंधळ, आणि बी त्यातच हरवतं. परकं कूळ आधी घरात घेऊन मग दुणावलं तर गोंधळ मिटतो. बागेत नुसतं फूल मोठं झालं तरी कौतुक होतं. कास्तकाराला बोंडात सरकी लागते, आणि अमेरिकन कपाशीची सरकी परक्याला सामावून घेणाऱ्या दुणावण्यातूनच आली.