दोन वेळा ‘खट्’!

गाडीचा दरवाजा नीट लागत नसेल तर आपण काय करतो? जोरात आपटतो. तरी नाही लागला, तर आणखी जोरात! आमच्या अण्णांचा फंडा त्याच्याही पुढचा. नायलॉनची दोरी!

अण्णांची जुनी जीप बीड जिल्ह्यात, केजजवळच्या आमच्या गावी असते. मी पुण्यात, आयटीत. तशी जीप आपल्या देशात बनायला लागली तीच किटपासून. १९४० च्या दशकाच्या अखेरीस महिंद्रने विलीजचे सुटे भाग मागवून मुंबईत गाड्या जोडायला सुरुवात केली. पुढे गावोगावच्या गॅरेजवाल्यांनी हीच जोडाजोडी चालू ठेवली. आमच्या जीपलाही मुळात कापडी टप होता, पत्र्याचे दरवाजे नंतर बनवून घेतले. दिसायला एकदम सही, पण डावा दरवाजा काही केल्या धड लागायचा नाही.

आणि डाव्या सीटवर बसते आई. बीडला जाताना मांजरसुंब्याच्या घाटात एका उजव्या वळणावर दरवाजा धाडकन उघडला. आईने समोरची दांडी घट्ट धरली म्हणून निभावलं. तेव्हापासून दोरी आली. आईला उतरायचं तर अण्णा खाली येऊन गाठ सोडणार! ‘‘दोरी हाय ना, काय होतंय?’’ अण्णा म्हणायचे. पण गाडी उलटली, पेटली तर? तेव्हा गाठ कोण सोडणार?

एका शनिवारी मी केजहून मिस्त्रींना घेऊन आलो. त्यांनी दरवाजा अर्धा उघडला, कडेला धरून वर उचलला. बोटभर हलला. ‘‘दादा, लॉक चांगलं हाय. दारच लोंबलंय.’’ बिजागरीची पिन झिजली होती. ती बदलल्याशिवाय लॉकला हात लावण्यात अर्थच नव्हता.

पिन बदलल्यावर लॉक डिझेलने धुतलं, ग्रीस लावलं. लॉकमध्ये एक आकडी असते, ती चौकटीवरच्या खुंटीला, म्हणजे स्ट्रायकरला, पकडते. मिस्त्रींनी दरवाजा उघडा ठेवून स्क्रू-ड्रायव्हरने आकडी दाबली. खट्... खट्! पहिल्या आवाजाला ती अर्धवट अडकते, दुसऱ्याला पक्की बसते. आमचा दरवाजा पहिल्याच आवाजावर थांबत होता. लागल्यासारखा दिसायचा, इतकंच.

मग हँडल ओढून आकडी मोकळी केली. नाहीतर बंद आकडी स्ट्रायकरवर आपटते आणि लॉक कामातून जातं. स्ट्रायकरला खडू फासून दरवाजा हळूच टेकवला. खडू खालच्या बाजूने पुसला गेला होता, म्हणजे आकडी खाली घासत होती. स्ट्रायकरच्या जुन्या जागेभोवती पेन्सिलने रेघ मारली, बोल्ट जरासे ढिले केले आणि तो किंचित खाली सरकवला. बोल्ट आवळायचे, दरवाजा लावून बघायचा. पुन्हा ढिले, पुन्हा आवळा. चौथ्या खेपेला तळहाताने नुसता ढकलला आणि दोन्ही आवाज आले. सगळा खेळ दोनेक मिलिमीटरचा!

अण्णांनी दरवाजा सात-आठ वेळा लावून पाहिला. बोलले काही नाहीत, पण दोरी काढून गोठ्यात नेऊन टाकली.

गेल्या आठवड्यात आईचा फोन आला. बीडला डॉक्टरकडे जाऊन आली होती. डॉक्टर काय म्हणाले ते नंतर, आधी हे सांगितलं, ‘‘आज माझी मीच उतरले बघ!’’