मधला ट्रे

ऑपरेशन थिएटरमधली मुरलेली स्क्रब सिस्टर ब्लेड सर्जनच्या हातात देत नाही. ती ते किडनी ट्रेमध्ये ठेवते, ‘ब्लेड’ असं मोठ्याने सांगते आणि हात मागे घेते. मग सर्जन उचलतो. वापरून झालं की परत ट्रेमध्येच. एका धारेपाशी एका वेळी एकच हात, एवढाच नियम. नवख्या डॉक्टरला यात वेळ जातोय असं वाटतं. सिस्टर आपली ट्रे पुढे सरकवत राहते.

या नियमामागची भीती जुनी आहे. व्हिएन्नात १८४७ साली शवविच्छेदन चालू असताना एका विद्यार्थ्याच्या हातातली सुरी प्राध्यापक याकोब कोलेच्का यांना लागली. त्या जखमेनेच ते गेले. बाळंतरोगाने दगावणाऱ्या बायकांच्या शरीरात जे बिघाड दिसत, तेच त्यांच्या शरीरात आढळले. त्यांचे मित्र डॉ. सेमेलवाइस यांना इथेच धागा सापडला: प्रेतांचं विष डॉक्टरांच्या हातांवरूनच बाळंतिणींपर्यंत जात होतं. मग क्लोरीनच्या पाण्याने हात धुण्याची सक्ती झाली.

आता भीतीची नावं वेगळी आहेत. रुग्णाला हेपॅटायटिस बी असेल आणि सुई टोचलेल्याने लस घेतलेली नसेल, तर लागणीची शक्यता ३० टक्क्यांपर्यंत जाते. एचआयव्हीची साधारण ०.३ टक्के. सुई टोचली तर बोट पिळायचं नाही, तोंडात घालायचं नाही. साबण-पाण्याने धुवायचं आणि लगेच सांगायचं. एचआयव्ही टाळणारी औषधं शक्यतो दोन तासांत, फार तर ७२ तासांत सुरू व्हावी लागतात. ओरडा बसेल म्हणून गप्प राहणारा नेमके हेच तास गमावतो.

वापरलेली सुई नीट नष्ट झाली नाही, तर ती दवाखान्याबाहेरही पोचते. २००९ साली गुजरातमधल्या मोडासा भागात सिरिंज पुन्हा वापरल्याने हेपॅटायटिस बीची साथ आली आणि कित्येक माणसं दगावली. म्हणून सुईला टोपण परत लावायचं नाही, ती तिथल्या तिथे कटरने निकामी करायची. २०१६च्या नियमांप्रमाणे ती पांढऱ्या, अर्धपारदर्शक, भोक न पडणाऱ्या डब्यात जाते. डबा तीन-चतुर्थांश भरला की बंद. वरून दाबून जागा करायची नाही.

ऑपरेशनच्या शेवटी सिस्टर टाक्यांच्या सुया मोजते. एक कमी भरली तर आधी रुग्णाच्या पोटात शोध, मग ट्रॉलीवर, मग हिरव्या चादरींच्या घड्यांत. जमिनीवरून चुंबकही फिरतो. सुई सापडेपर्यंत चादरी धुवायला जात नाहीत. ते गाठोडं मावशी उचलणार असते.