नानांची पेन्सिल

आमच्या घरात बिल वाचतात. म्हणजे नाना वाचतात, आणि मी नि माझा नवरा त्यांची चेष्टा करतो. नाना माझे वडील, वय 79. रेल्वेच्या अकाउंट्स खात्यात त्यांनी 35 वर्षं काढली. डोंबिवली ते व्हीटी लोकलमध्ये उभं राहून जायचं आणि ऑफिसात बसून इतरांच्या बेरजा तपासायच्या, असा त्यांचा जन्म गेला. निवृत्तीनंतर तपासायला बिलंच उरली. सामान आलं की जेवणाच्या टेबलावर सगळं मांडायचं, चष्मा पुसायचा, पेन्सिलीला टोक करायचं आणि मला सांगायचं, "हं, वाच." मी बिलातलं नाव वाचायचं, त्यांनी जिन्नस हाताने बाजूला सरकवून टिकमार्क करायचा. पेनाने नाही, पेन्सिलीने. चूक आपलीही असू शकते, म्हणून.

2025 च्या ऑक्टोबरमधली गोष्ट. दिवाळी आठवड्यावर आली होती. ठाण्याच्या ऑफिसातून सुटून मी डोंबिवलीला उतरले आणि तशीच पूर्वेच्या एका सुपरमार्केटात शिरले. फराळाचं सामान, तूप, अभ्यंगस्नानाची तयारी. रांग पार डाळींच्या खणापर्यंत गेलेली. काउंटरवरची मुलगी एका हाताने बारकोड दाखवत होती, दुसऱ्या हाताने पिशवी भरत होती, तोंडाने "ताई, मोबाइल नंबर?" विचारत होती. बिल झालं 3,614 रुपये. फोनवरून पैसे दिले. कागद पिशवीत कोंबला. दारातल्या वॉचमनने तो परत काढायला लावला, एकूण वस्तूंचा आकडा बघितल्यासारखं केलं आणि शिक्का मारला. या शिक्क्याची मला फार गंमत वाटते. आपण दुकानाचं काही उचललं नाही ना, हे बघायला पगारी माणूस आहे. दुकानाने आपलं काही उचललं नाही ना, हे बघायला आमच्याकडे फक्त नाना.

त्या रात्री मी दमले होते. "उद्या बघू हो नाना," म्हटलं. ते काही बोलले नाहीत. पेन्सिलीला टोक करायला लागले.

तिसऱ्याच ओळीला अडलो. पातळ पोहे, 52 रुपये, तीन पाकिटं. टेबलावर दोनच. पिशवी झटकली, खुर्चीखाली बघितलं, पाकीट नव्हतंच. एक पाकीट दोनदा मोजलं गेलं होतं. असं होतंच, बारकोड पटकन टिपला गेला नाही असं वाटून पुन्हा दाखवतात आणि दोन्ही वेळा टिपला जातो. नानांनी तिथे छोटा गोल केला.

मग तूप आलं. एक लिटरचे दोन डबे, 650 प्रमाणे 1300. डब्यावरही 650 च छापलेले. मी पुढे वाचायला लागले तर म्हणाले, "थांब. कर किती लावलाय?" बिलाच्या तळाशी जीएसटीचा तक्ता असतो, तो मी आयुष्यात कधी वाचला नव्हता. तिथे तुपासमोर होतं, सीजीएसटी अडीच, एसजीएसटी अडीच.

आता हे सांगायला हवं. 22 सप्टेंबरला, घटस्थापनेच्या दिवशी, जीएसटीचे नवे दर लागू झाले होते. तूप 12 टक्क्यांवरून 5 वर आलं. शाम्पू, टूथपेस्ट, अंगाचा साबण 18 वरून 5 वर. वर्तमानपत्रांत पानपानभर जाहिराती होत्या. जुन्या किमती छापलेला माल दुकानांत पडून होता हे खरं, पण तो नव्या हिशेबाने विकायचा होता. नानांनी कॅलेंडरचं फाडलेलं पान उलटं केलं आणि मांडलं. 1300 मधून 12 टक्के कर वेगळा काढला की राहतात 1160 रुपये 71 पैसे. त्यावर 5 टक्के चढवले की 1218 रुपये 75 पैसे. फरक 81 रुपये 25 पैसे. शाम्पू 354 ला लावला होता, यायला हवा होता 315 ला. टूथपेस्टचा जोड 236 ला, हवा होता 210 ला. दोन्हींपुढे कर मात्र इमानदारीत 5 टक्केच.

"म्हणजे बघ," नाना म्हणाले, "सरकारने सोडलेला कर यांनी स्वतःच्या खिशात घातला."

रागाने माझी झोप उडाली. दीडशे-दोनशे रुपयांचा राग नव्हता. दिवाळीत तेवढे रिक्षात जातात. पण कर उतरल्याचं जगाला माहीत होतं, संगणकाला माहीत होतं, कराच्या रकान्याला माहीत होतं, फक्त मला माहीत नव्हतं.

यादी संपली तेव्हा टेबलावर उटण्याची दोन पाकिटं उरली. 20 रुपयांची एक. बिलात त्यांचं नावच नाही. मी ती पटकन बाथरूममध्ये नेऊन ठेवायला उचलली, तर नानांनी हात पुढे केला. "इथेच ठेव. हेपण सांगायचंय." पोह्यांचे 52 धरून येणं 198 रुपये 25 पैसे, देणं 40. बाकी 158 रुपये 25 पैसे. डायरीत तशी नोंद झाली.

नानांना हा रोग कुठून लागला ते मला ठाऊक आहे. आई मुंबई ग्राहक पंचायतीच्या एका संघात होती. 1975 साली सुरू झालेली ही चळवळ ठाण्या-डोंबिवलीच्या मध्यमवर्गात चांगलीच मुरलेली. महिन्याची छापील यादी यायची, ती भरून द्यायची, मग ठरलेल्या दिवशी माल यायचा आणि कुणाच्या तरी हॉलमध्ये वाटप व्हायचं. आमच्याकडे वाटप असलं की पलंगाखालीसुद्धा गव्हाच्या पिशव्या. बायका हिशेब करायच्या आणि रुपयाचा फरक आला तरी सगळी यादी पुन्हा पहिल्यापासून लावायच्या. कुणी कुणाला चोर म्हणत नसे. ताळा जुळत नाही एवढंच म्हणायचे. त्या बायकांच्या शेजारी बसून बेरजा करायला नानांना ऑफिसपेक्षा जास्त मजा यायची.

पूर्वीचे वाणी साधू होते असं मात्र मी म्हणणार नाही. कल्याणला मामाचं भुसारी दुकान होतं, त्यामुळे दोन्ही बाजू बघितल्यात. काटा मारणं हा शब्द उगाच नाही आला भाषेत. पारड्याखाली चिकटवलेला चिंचोका, वजनावरचा पुसट झालेला सरकारी छाप, उधारीच्या वहीत दोनदा चढलेली साखर, सगळं चालायचं. आणि वहीच्या खाली 'चू. भू. द्या. घ्या.' लिहिलेलं. मामा हसून म्हणायचा, "भुललं तर द्यायचं, चुकलं तर घ्यायचं." फरक एवढाच की तेव्हा भाव वाण्याच्या तोंडात होता आणि वाणी समोर उभा होता. आता भाव खणावरच्या चिठ्ठीवर एक, पाकिटावर दुसरा आणि संगणकात तिसरा. आपण देतो तो तिसरा, आणि तो दिसतो पैसे देऊन झाल्यावर.

रविवारी सकाळी दुकान उघडताच आम्ही दोघं हजर. कालचीच मुलगी काउंटरवर होती. मी जरा वरच्या पट्टीत सुरुवात केली, हे कबूल करते. तिचा चेहरा उतरला. "ताई, किंमत मी नाही टाकत हो. ती वरूनच येते." मग बिल बघून हळूच म्हणाली, "पोह्यांचं माझं चुकलं." टिटवाळ्याहून येते, सकाळी नऊपासून उभी असते, हे नंतर कळलं. नानांनी मला डोळ्याने गप्प केलं.

मॅनेजर आले. तरुण, गळ्यात ओळखपत्र, घाईत. पोह्यांचे पैसे लगेच द्यायला तयार. तुपाचं ऐकून मात्र हसले. "मॅडम, एमआरपीच्या वर एक रुपया तरी घेतलाय का? छापील किमतीलाच दिलंय ना?"

एमआरपी म्हणजे सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत. त्याच्या वर घेता येत नाही. पण त्याच्या आत राहिलं की सगळं माफ, हा समज दुकानदारांनी करून घेतलाय आणि आपणही. मला नेमकं उत्तर सुचेना. नाना शांतपणे म्हणाले, "किंमत जुनी आहे, बरोबर. मग कर जुना का नाही छापलात?"

मॅनेजरांनी बिल हातात घेतलं. तळाचा तक्ता त्यांनीही बहुधा पहिल्यांदाच वाचला. "कंपनीकडून अपडेट आलं नसेल," म्हणाले. मी फोन काढून म्हटलं, ठीक आहे, ग्राहक हेल्पलाइनला विचारते, 1915. एवढ्यात मागच्या बाईंनी पर्समधून आपलं बिल काढलं. त्यांच्या मागच्या काकांनीही. दोघांकडे तूप होतं. मॅनेजर "एक मिनिट" म्हणून आत गेले. ते मिनिट अर्ध्या तासाचं झालं.

तेवढ्यात नानांनी पिशवीतून उटण्याची पाकिटं काढून मुलीपुढे ठेवली. "हे काल राहिलं मोजायचं." तिने दोनदा त्यांच्याकडे बघितलं. "काका, संध्याकाळी स्टॉक लागला नसता, तर आमच्याकडूनच..." वाक्य पुरं केलं नाही. मला आदल्या रात्री ती पाकिटं बाथरूममध्ये न्यायची होती, हे आठवून कसंसंच झालं.

मॅनेजर बाहेर आले. तूप, शाम्पू, टूथपेस्ट, तिन्हींचे नवे भाव संगणकात चढवले म्हणाले. आमचा फरक द्यायला तयार झाले, मागच्या दोघांचाही. इतके दिवस ज्यांनी जुन्या भावाने नेलं त्यांचं काय, हे मी विचारलं. त्यावर त्यांनी खांदे उडवले. तो प्रश्न तसाच राहिला आहे आणि मला अजूनही टोचतो. कोण येणार परत? आलेली बिलंही टिकत नाहीत. तो गुळगुळीत कागद दोन-चार महिन्यांत कोरा होतो, म्हणून मी आता फोनमध्ये फोटो काढून ठेवते. फोनवर बिलाची लिंक येते, ती तर कुणी उघडतच नाही.

मुलीने 158 रुपये मोजून नानांच्या हातावर ठेवले. नाना उभेच. "पंचवीस पैसे?" तिला वाटलं काका चेष्टा करतायत. तिने बरणीतलं एक चॉकलेट पुढे केलं. नानांनी ते घेतलं नाही. पावली 30 जून 2011 पासून चलनात नाही, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. मान हलवून ते दाराकडे निघाले. वॉचमनने सवयीने बिल मागितलं आणि शिक्का मारला.

घरी आल्यावर त्यांनी डायरी उघडली. आदल्या रात्रीची नोंद पेन्सिलीने खोडली आणि खाली नवी लिहिली. ती अजून तशीच आहे, परवाच बघितली. दुकानाकडून येणे, 0.25.