पिवळी पिन आणि नवा टीव्ही

जुने ध्वनिचित्रमुद्रण यंत्र नव्या टीव्हीला जोडण्याचा प्रश्न वरवर पाहता योग्य वायर मिळवण्याचा वाटतो आणि बहुतेक घरांत तो त्याच पातळीवर हाताळला जातो. प्रत्यक्षात वायर हा या व्यवहारातला सर्वांत स्वस्त आणि सुटसुटीत भाग असतो. अडचण वेगळीच असते : चित्र कशाला म्हणायचे याविषयी या दोन यंत्रांच्या कल्पनाच जुळत नाहीत. व्हीसीआर, म्हणजे चुंबकीय फितीवर चित्र व आवाज साठवून ते पुन्हा दाखवणारे यंत्र, चित्र ओळखते ते सतत चढउतार होणाऱ्या विद्युतदाबाच्या रूपात, तर आजचा सपाट पडद्याचा टीव्ही ओळखतो ते ठिपक्याठिपक्यांच्या आकड्यांच्या रूपात. पहिल्या पद्धतीला ॲनालॉग व दुसरीला डिजिटल म्हणतात. प्रस्तुत लेखकाच्या पुण्यातील घरी या दोहोंची गाठ घालण्याचे प्रयत्न एका पावसाळ्यात तीन आठवडे चालले होते, त्यांची ही नोंद आहे.

पुढील हकिगत कळण्यासाठी व्हीसीआरच्या वायरीच्या पिवळ्या पिनेतून नेमके काय वाहते हे पाहणे आवश्यक आहे. भारतात रंगीत प्रसारण १९८२ साली, दिल्लीतील आशियाई क्रीडास्पर्धांच्या वर्षी, सुरू झाले आणि त्याच दशकात व्हीसीआर मध्यमवर्गीय घरांत शिरला, बऱ्याचदा विकत घेतलेला नव्हे तर एका रात्रीपुरता भाड्याने आणलेला. येथील ते ॲनालॉग रंगीत प्रसारण पाल या पद्धतीचे होते; तीत एक पूर्ण चित्र ६२५ आडव्या रेषांचे असते, त्यांपैकी ५७६ रेषा पडद्यावर दिसणाऱ्या दृश्याच्या असतात, अशी २५ चित्रे दर सेकंदाला पाठवली जातात आणि प्रत्येक चित्र दोन हप्त्यांत, म्हणजे एकाआड एक रेषा वगळून, पाठवले जाते. प्रत्येक रेषेच्या आरंभी नवी रेषा सुरू झाल्याचे सांगणारी एक विद्युत खूण असते. तिला सिंक म्हणतात. उजेड, रंग आणि ही खूण असा सगळा ऐवज एकाच तारेत कोंबलेला असल्यामुळे या सिग्नलला संमिश्र किंवा कॉम्पोझिट असे नाव आहे. पांढऱ्या पिनेतून डावा आणि लाल पिनेतून उजवा आवाज जातो, एवढे सांगितले की तीन पिनांच्या वायरीचे वर्णन पूर्ण होते.

नव्या टीव्हीच्या पाठीवर मात्र या तिन्ही रंगांपैकी एकही नव्हता. तेथे तीन चपटी एचडीएमआय सॉकेटे होती, एक अँटेनाचे होते आणि कोपऱ्यात हेडफोनच्या छिद्रासारखे, ३.५ मिलिमीटर व्यासाचे एक गोल छिद्र होते, ज्याच्याखाली बारीक अक्षरांत ‘एव्ही इन’ असे लिहिले होते. एचडीएमआय हे २००२ साली ठरलेले मानक असून त्यात चित्र आणि आवाज दोन्ही आकड्यांच्या रूपाने एकाच वायरीतून जातात, त्यामुळे व्हीसीआरच्या दृष्टीने ती तीन सॉकेटे असून नसल्यासारखीच होती. गोल छिद्रात बसणारी, एका टोकाला एकच पिन आणि दुसऱ्या टोकाला तीन रंगीत तोंडे असलेली छोटी वायर टीव्हीच्या खोक्यात असायला हवी होती, ती नव्हती.

ही वायर बुधवार पेठेतील तपकीर गल्लीत दीडशे रुपयांत मिळाली आणि घरी जोडल्यावर पडद्यावर काहीच न येता टीव्हीतून नुसती गुरगुर ऐकू आली. अशा एकाच पिनेवर धातूची चार कडी असतात : एक चित्राचे, दोन आवाजाची आणि एक या तिघांच्या परतीच्या मार्गाचे, ज्याला ग्राउंड म्हणतात. कोणते कडे कशाचे याबाबत सर्व कंपन्यांनी एकच क्रम पाळलेला नाही, आणि या सगळ्या वायरी बाहेरून हुबेहूब सारख्याच दिसत असल्याने विकणाऱ्यालाही हा भेद सांगता येईलच असे नाही. चित्राचे आणि आवाजाचे कडे उलटे असेल तर पिवळी पिन लाल तोंडात खोचून भागते, कारण चित्राचा सिग्नल आवाजाच्या वाटेने गेला की अशी गुरगुर होते. पण ग्राउंडचीच जागा चुकलेली असेल तर वायर बदलण्यावाचून इलाज नसतो. येथे पहिला प्रकार होता. रंगांची अदलाबदल करताच चित्र आले, आणि कित्येक वर्षे अंगी बाणलेली, रंगाला रंग जुळवण्याची शिस्त मोडून काम झाल्याचे समाधान काहीसे विचित्र होते.

आलेले चित्र मात्र टिकेना. कॅसेट १९९१ सालच्या, चिपळुणातील एका मंगल कार्यालयात झालेल्या लग्नाची होती, म्हणजे लेखकाच्याच लग्नाची. हॅलोजनच्या उजेडात डोळे बारीक करून बसलेली वऱ्हाडी मंडळी दहा-बारा सेकंद दिसत, मग पडदा निळा होऊन ‘सिग्नल नाही’ अशी पाटी येई. हीच कॅसेट जुन्या, काचेच्या नळीच्या टीव्हीवर पूर्ण पाहिलेली होती, वरचा भाग थोडा वाकडा होई आणि मध्येच मुंग्या येत, पण सीमांतपूजनापासून पाठवणीपर्यंत सर्व दिसत असे. या फरकाचे कारण सिंकच्या खुणेत आहे. फीत ही ताणली जाणारी, आखडणारी वस्तू असून ती ६२ मिलिमीटर व्यासाच्या व मिनिटाला १५०० फेरे घेणाऱ्या ड्रमभोवती गुंडाळत सरकते, त्यामुळे जुन्या कॅसेटमधून येणाऱ्या रेषा वेळेवर सुरू होत नाहीत, कोणी किंचित आधी तर कोणी किंचित उशिरा येते. नळीच्या टीव्हीतील किरण त्या खुणेच्या मागे मागे जाई आणि खूण चुकली की चित्रही तेवढ्यापुरते वाकडे काढी. त्याला चुकीचे चित्र आणि बरोबर चित्र यांतला भेदच ठाऊक नव्हता. डिजिटल टीव्हीला आधी प्रत्येक रेषा मोजून ठिपक्यांत मांडायची असते, आणि मोजणी जुळली नाही की तो अर्धेमुर्धे चित्र दाखवण्याऐवजी चित्र नाहीच असे जाहीर करतो. जुना टीव्ही अडाणी होता म्हणून सहनशील होता, हे विधान तांत्रिकदृष्ट्याही बरोबर ठरावे.

यावर उपाय म्हणून संमिश्र सिग्नलचे एचडीएमआयमध्ये रूपांतर करणारी, काडेपेटीपेक्षा थोडी मोठी डबी विकत घेण्यात आली आणि तिच्यामुळे पाच दिवस वाया गेले. अशा डब्या दोन जातींच्या असतात, एक जुन्याकडून नव्याकडे नेणारी आणि दुसरी नव्याकडून जुन्याकडे. दोहोंवर एका बाजूला तीन रंगीत सॉकेटे व दुसऱ्या बाजूला एचडीएमआयचे सॉकेट असते, आकार आणि रंगही बहुधा तेच असतात, फरक असतो तो ‘एव्ही टू एचडीएमआय’ आणि ‘एचडीएमआय टू एव्ही’ या शब्दक्रमाचा. या डब्या एकदिशा असतात, वायर उलटी फिरवली म्हणून त्या उलट्या चालत नाहीत. आणलेली डबी उलट्या दिशेची होती. दुकानदाराने, पाकीट फोडल्यावर माल परत नाही, हा आपला नियम दाखवला. दुसरी, योग्य दिशेची डबी आणल्यावरही निळा पडदा तसाच राहिला, कारण स्वस्त डबीसुद्धा रेषा मोजूनच पुढे पाठवते आणि वेळ चुकलेल्या रेषा सुधारण्याची सोय तिच्यात नसते.

मार्ग निघाला तो माळ्यावरून. २००७ च्या सुमारास घेतलेला आणि पुढे टाटा स्कायच्या छत्रीने निकामी केलेला एक डीव्हीडी रेकॉर्डर तेथे चादरीत गुंडाळून ठेवला होता. या यंत्रांचे मूळ काम बाहेरून येणारे ॲनालॉग चित्र आकड्यांत बदलून तबकडीवर नोंदवणे हे असल्यामुळे त्यांपैकी काहींमध्ये आत येणाऱ्या रेषा आधी स्मृतीत साठवून मग ठरावीक तालात बाहेर सोडणारे मंडल असते. व्यावसायिक स्टुडिओत याच कामासाठी टाइम बेस करेक्टर नावाचे स्वतंत्र आणि महागडे उपकरण वापरतात. रेकॉर्डरला एचडीएमआयचे सॉकेटही होते. व्हीसीआरची पिवळी पिन रेकॉर्डरच्या पिवळ्या सॉकेटात, रेकॉर्डरची एचडीएमआय वायर टीव्हीत, अशी साखळी जोडताच मंगलाष्टके पहिल्या कडव्यापासून अखेरपर्यंत विनाखंड पार पडली. दोन वेगळ्या भाषा बोलणाऱ्या माणसांमध्ये, दोघांच्याही ऐन जमान्यात न बसलेला तिसरा माणूस दुभाष्या म्हणून उपयोगी पडावा तसा हा प्रकार होता. दुसरी डबीही यामुळे निरुपयोगी ठरली.

चित्राच्या तळाशी आता एक फडफडणारी आडवी पट्टी दिसू लागली, तिने थोडी धास्ती निर्माण केली. हा दोष नवा नव्हता. ड्रमवरची दोन हेड आळीपाळीने फीत वाचतात आणि एकाकडून दुसऱ्याकडे काम जाण्याचा तो क्षण चित्राच्या अगदी तळाशी येतो. नळीचा टीव्ही चित्राच्या कडा पडद्याबाहेर ठेवत असल्यामुळे ही पट्टी इतकी वर्षे कोणाला दिसली नव्हती. टीव्हीतील चित्र गुळगुळीत करणाऱ्या सोयी मात्र बंद कराव्या लागल्या, कारण व्हीएचएस या कॅसेट पद्धतीच्या एका रेषेत जेमतेम २४० उभ्या रेघांइतका तपशील असताना त्यावर त्या चालवल्या की चेहरे मेणाचे दिसतात. पडदाभर ताणलेल्या चित्राचा प्रश्न लेखकाच्या पत्नीने एका वाक्यात निकालात काढला : “मी एवढी जाड कधीच नव्हते, ते चौकोनी करा आधी.” जुन्या चित्राच्या रुंदी व उंचीचे प्रमाण ४:३ आणि नव्या पडद्याचे १६:९ असल्याने ताणलेले चित्र सर्वांनाच आडवे करते, पण वऱ्हाडातील इतर कोणी तशी तक्रार केली नाही.

दुसरी कॅसेट घालण्यापूर्वी तिची खिडकी उजेडात धरली हे नशीब. कोकणातील घरी कपाटात राहिलेल्या फितीच्या कडेवर पांढुरकी, पिठासारखी बुरशी धरली होती. अशी कॅसेट चालवली तर ती बुरशी हेडवर बसते आणि तेथून घरातील चांगल्या कॅसेटांवर पसरते, म्हणून ती लावायचीच नाही, असे सदाशिव पेठेतील एका वयस्क मेकॅनिकने बजावले. त्याने व्हीसीआर उघडून ड्रम साफ केला तो अनुभवही नोंदवण्यासारखा आहे : आयसोप्रोपिल अल्कोहोलने भिजवलेले मऊ चामडे ड्रमला स्थिर टेकवून त्याने दुसऱ्या हाताने ड्रमच हळूहळू फिरवला, चामडे वर-खाली एकदाही नेले नाही, कारण हेडचे टोक इतके नाजूक असते की उभ्या घासण्याने ते तुटते. नवी हेड आता मिळत नाहीत, असे तो काम करताकरताच म्हणाला. जपानमधील फुनाई या, व्हीसीआर बनवणाऱ्या शेवटच्या मोठ्या कंपनीने २०१६ च्या जुलैत उत्पादन थांबवले, तेव्हा त्याचे म्हणणे अतिशयोक्तीचे नव्हते.

घरातील आठ मिलिमीटर फितीच्या हँडीकॅम कॅमेऱ्याने फारसा त्रास दिला नाही; त्याची स्वतःची तीन पिनांची वायर रेकॉर्डरला लागली, फक्त मृत बॅटरीऐवजी तो चार्जरवर चालवावा लागला. अडचण आली ती न्यू जर्सीहून मेव्हण्याने १९९४ मध्ये पाठवलेल्या, तेथील मराठी मंडळाच्या गणेशोत्सवाच्या कॅसेटबाबत. अमेरिकेतील तेव्हाच्या एनटीएससी पद्धतीत चित्राच्या ५२५ रेषा असतात आणि सेकंदाला सुमारे ३० चित्रे. लेखकाचा व्हीसीआर अशी कॅसेट वाजवतो खरा, पण रेषा व वेग अमेरिकन ठेवून रंग तेवढा पालच्या पद्धतीने देतो, आणि हा संकर रेकॉर्डरच्या कोणत्याच चौकटीत बसत नसल्याने त्याने काळा पडदा दाखवला. टीव्हीच्या गोल छिद्राला मात्र तो चालला. बाजूला टाकलेली दीडशे रुपयांची, पिवळी पिन लाल तोंडात खोचायची वायर पुन्हा लावली गेली आणि ऑक्टोबरच्या थंडीत, शाळेच्या व्यायामशाळेत, स्वेटरवर उपरणे घेतलेल्या मंडळींची आरती रंगांसह दिसली.

उलट्या दिशेची डबी टेबलाच्या खणात पडून होती. खालच्या मजल्यावरील आजोबांकडे अजून नळीचा टीव्ही आहे आणि त्यांना केबलवाल्याने दिलेल्या नव्या सेट-टॉप बॉक्सला एचडीएमआयखेरीज दुसरे सॉकेटच नव्हते. तेथे ती डबी पहिल्याच झटक्यात चालली.